सहा जणांचं अंदमान

पुणे,
११ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप मावशीस,
चिन्मयचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मिळालं आणि माझं जुलैचं पत्रही तपासून परत आलं. या वेळी लाल शाई जरा कमी दिसली म्हणून खुश झालो. ऋचाला दाखवलं तर ती हसून लोळायची बाकी राहिली. अठ्ठावीस वर्षांच्या इंजिनिअरची पत्रं त्याची मावशी तपासते, हे तिच्या ऑफिसात कुणाला खरंच वाटत नाही. मी तिला सांगितलं की हैदराबाद सोडताना तुझी एकच अट होती: महिन्याला एक पत्र, हाताने आणि मराठीत, नाहीतर इंग्लिश मीडियमचा हा पोरगा अक्षरंसुद्धा विसरेल.

आता बातमी. लग्नाची तारीख ठरली, ८ डिसेंबर, पुण्यातच. बाबा आणि माधवी आई नाशिकहून येऊन ऋचाच्या घरच्यांना भेटून गेले. इतक्या वर्षांनी बाबांशी नीट बोललो. सुरुवातीला दोघांनाही सुचत नव्हतं, मग जमलं. तू रागावू नको.

दुसरी बातमी म्हणजे जानेवारीत अंदमान. दोन्ही घरचे मिळून सहाजण, आठ दिवस. मला लगेच तुझी वही आठवली. रविवारच्या पेपरातली अंदमानची कात्रणं चिकटवायचीस ती. मला भरवताना तू चिऊकाऊ सोडून बेटांची नावं सांगायचीस. नोकरी लागली की तुला नेईन असं मी दहावीत म्हणालो होतो, तेही लक्षात आहे. म्हणून ऋचाच्या बाबांना मी सांगून टाकलो की प्लॅन माझी मावशी करणार. उघड्यावर काय काय बघायचं, कुठे कुठल्या वेळेला जायचं, सगळं लिहून पाठव. म्युझियम वगैरे नको, सगळ्यांना बाहेरच फिरायचंय. लीव्ह सँक्शन झाली आहे, आता तुझ्या पत्राचीच वाट आहे.

कळावे. तुझा लोभ लाल शाईतूनही पोचतो, तो असाच पोचत राहो.

तुझा,
चिन्मय

&nbsp;

बरकतपुरा, हैदराबाद,
१९ ऑगस्ट २०२४

चि. चिन्मय यास,
सुनंदामावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तपासून सोबत परत पाठवते आहे. 'सांगून टाकलो' नव्हे, 'सांगून टाकलं'. 'मी काम केलो', 'मी विचार केलो' हे आपल्या हैदराबादी मंडळींचं जुनं दुखणं आहे, पण पुण्यात सासुरवाडी करणाऱ्याने ते सोडलेलं बरं. नाहीतर बोहल्यावर लोक अक्षता टाकायच्या सोडून हसत बसतील.

तारीख ठरली हे वाचून फार बरं वाटलं. तुझ्या वडिलांवर आता कशाला रागावू? तुझी आई, माझी ताई, गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. वर्षभरात अनिलरावांनी माधवीबाईंशी लग्न केलं, तुला माझ्याकडे ठेवलं आणि दर दिवाळीला येईन म्हणाले. किती दिवाळ्यांना आले ते तुला ठाऊक आहे. रागवायचं ते मी तेव्हाच त्यांच्या तोंडावर रागावले, आणि बोलले त्यातलं काही मागे घेतलेलं नाही. पण मुलाच्या लग्नात बाप आला म्हणून मी पंगतीतून उठून जाणार नाही, एवढी खात्री बाळग.

अंदमानचं वाचलं आणि पत्र तसंच हातात धरून वरच्या मजल्यावरच्या भाग्यलक्ष्मीकडे गेले. तिला मराठी नीट कळत नाही, तरी सगळं वाचून दाखवलं. सहाजण कोण ते बोटांवर मोजलं. तुम्ही दोघं, ऋचाचे आईवडील, अनिलराव आणि मी. माधवीबाईंना गुडघ्यामुळे जिना चढवत नाही असं तूच मागे लिहिलं होतंस, तेव्हा त्या बोटीत कुठल्या चढणार. अनिलरावांशी आठ दिवस काय बोलायचं हा प्रश्न आहे, पण तिथे लाटांचा आवाज फार असतो म्हणतात.

काल आबिड्सला जाऊन बूट घेतले. खाऱ्या पाण्यात भिजले तरी चालतील असे दे म्हटल्यावर दुकानदाराने विचारलं की अम्मा हुसेनसागरमध्ये उतरणार आहेत का. त्यालाही सगळा प्रवास सांगितला. एकतीस वर्षं शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला आणि समुद्र पाहिला एकदाच, काकीनाड्याला, तोही बसच्या खिडकीतून. ही लाज आता जाईल.

तर ऐक. पहिल्या संध्याकाळी पोर्ट ब्लेअरहून चिडिया टापूला जायचं आणि चारच्या आत पोचायचं. जानेवारीत तिथे सूर्य साडेपाचच्या आत बुडतो. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, पण बेटं किती पूर्वेला आहेत हे तुला सातवीत दोनदा विचारलं होतं आणि दोनदा तू चुकला होतास. मग हॅवलॉक, आता त्याला स्वराज द्वीप म्हणायचं. राधानगरची पुळण पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून तिथे संध्याकाळी. काळापत्थर पूर्वेला, तिथे उजाडताना. लोक उलट करतात आणि मग काही दिसलं नाही म्हणून कुरकुरतात. एलिफंट बीचला प्रवाळ बघायला बोटीने जाता येतं, पण जंगलातून एक पायवाटही आहे आणि ती मला चालायची आहे. तुम्ही बोटीने या, मी आधी पोचून तुमची वाट बघेन.

बाराटांग आणि नील बेटाचं पुढच्या पत्रात लिहिते, ते सावकाश लिहायचं आहे. माझ्या आधारची प्रत सोबत जोडली आहे, तिकिटाला लागेल. विमानात खिडकी मिळाली तर बघ, वरून बेटं ओळीने दिसतात म्हणे.

कळावे. लोभ वाढावा आणि चुका कमी व्हाव्यात.

तुझी,
मावशी

&nbsp;

पुणे,
६ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप मावशीस,
चिन्मयचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्राला उशीर झाला, सप्टेंबर हॉल आणि कपड्यांच्या खरेदीत गेला. वरचा मायना बघून चकित झाली असशील. ऋचाच्या आईंनी माझं एक अर्धवट पत्र टेबलावर पाहिलं आणि सांगितलं की तीर्थरूप फक्त आई आणि वडिलांना लिहितात. मावशी, काका, आत्या या सगळ्यांना तीर्थस्वरूप. मी नंतर शोधूनही पाहिलं, त्यांचं बरोबर आहे. इतकी वर्षं मी चुकीचं लिहीत होतो आणि तुझ्या लाल शाईतून ते सुटलं कसं याचंच नवल वाटलं. या खेपेला शिक्षकांची चूक विद्यार्थ्याने पकडली. एक-शून्य.

लग्नपत्रिकेचा मजकूर पाठवताना बाबा आणि माधवी आईंना पहिल्यांदाच पत्र लिहिलं. त्यांना तीर्थरूप लिहिलं. ते बरोबर ना?

आता जरा अवघड गोष्ट. सहाजण म्हणजे आम्ही दोघं, ऋचाचे आईबाबा, आणि बाबा व माधवी आई. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, आता त्या चालतात. तुझं पत्र आलं तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तू बूट घेतल्याचं वाचलं आणि धीर झाला नाही. गाडी आणि बोट दोन्ही सहांचीच आहे. ऋचाच्या घरच्यांनी ते ठरवून टाकलं, माझ्या हातात काही नव्हतं. शिवाय तू आणि बाबा आठ दिवस समोरासमोर, म्हणजे दोघांनाही त्रासच झाला असता. आपण दोघं नंतर नक्की जाऊ. तुझी आधारची प्रत जपून ठेवली आहे, तेव्हा लागेल.

लग्नात देवकाला बाबा आणि माधवी आई बसतील. जोडपंच लागतं असं गुरुजी म्हणाले. तू मात्र पुढे बसायचं.

बाराटांग आणि नीलचं तेवढं लवकर पाठव. ऋचाचे बाबा रोज विचारतात. हे पत्र ऋचाने तपासून दिलं आहे, चूक सापडते का बघ.

कळावे. राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
चिन्मय

&nbsp;

बरकतपुरा, हैदराबाद,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. चिन्मय यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, तपासलं. एकही चूक नाही. दहा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. लाल पेन उघडून बसले होते, त्याला टोपण लावून ठेवलं.

मायन्याबद्दल ऋचाच्या आईंचं म्हणणं बरोबर आहे. तीर्थरूप आईवडिलांना, तीर्थस्वरूप बाकी वडीलधाऱ्यांना. हा नियम मी दरवर्षी पाचवीच्या वर्गाला शिकवला आणि चुकणाऱ्याचा अर्धा गुण कापला. शाळेची मराठी शाखा बंद झाली त्या वर्षी वर्गात अकराच मुलं उरली होती, त्यांनाही शिकवला. फक्त एका मुलाला मुद्दाम चुकीचा शिकवला. तू सात वर्षांचा होतास. मी शाळेच्या कामाला आठवडाभर वरंगळला निघाले होते आणि मला पत्र कसं लिहायचं असं तू विचारलंस. मी पाटीवर मायना लिहून दिला. तीर्थरूप लिहिताना हात थांबला होता, तरी लिहिलं. नंतरची इतकी वर्षं तो शब्द माझ्या लाल शाईतून सुटला नाही, मी तो सोडला. आता तू पकडलास. एक-शून्य, मान्य.

मला ते लागलं, हेही लिहून ठेवते. नाहीतर मावशीला काही वाटलंच नाही असं तू धरून चालशील. माधवीबाईंना तीर्थरूप लिहिलंस ते रीतीला धरूनच आहे. त्यांनी तुला एकदाही आंघोळ घातलेली नाही, पण मायन्याला ते विचारायचं नसतं. देवकाचंही गुरुजी बरोबर सांगतात. माझं जोडपं का झालं नाही, ते त्यांना सांगत बसू नकोस.

सहाजणांत मी मला धरलं ही माझी चूक. पुण्याच्या लोकांनी सहा म्हटलं तर सहा. ज्यांची गाडी त्यांचा हिशोब, आपण तोंड वर करून जागा मागायची नसते. भाग्यलक्ष्मी रोज विचारते तिकीट आलं का म्हणून. तिला सांगितलं की जाणं पुढे ढकललं आहे.

आता तुझ्या सासऱ्यांसाठी. बाराटांगला गाड्यांचा ताफा जंगलातून पहाटे सुटतो, तो चुकला तर तो दिवस गेला. वाटेत आदिवासी माणसं दिसली तर गाडी थांबवायची नाही आणि फोटो काढायचे नाहीत. त्यांचं ते घर आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे. पुढे लहान होडीने खारफुटीमधून जायचं. दोन्ही बाजूंच्या फांद्या डोक्यावर एकमेकींत गुंततात, तिथे बोलू नका, नुसतं बघा. उतरल्यावर चुनखडीच्या गुहांपर्यंत बरंच चालावं लागतं, माधवीबाईंच्या हातात काठी द्या. नील बेटावर समुद्राने कोरलेली दगडी कमान आहे. ती ओहोटीलाच गाठता येते आणि ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते, म्हणून आदल्या दिवशी तिथल्या माणसाला विचारून घ्या. खडकांवर शेवाळ असतं. वडिलांना मनगटाला धरून ने, नुसती बोटं धरली तर सुटतात.

लग्नाला येते. कळावे. लोभ उरला असेल तेवढा राहू दे.

तुझी,
मावशी

&nbsp;

स्वराज द्वीप, अंदमान,
१७ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप मावशीस,
चिन्मयचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र राधानगरच्या वाळूत बसून लिहितोय. मांडीवर पुस्तक ठेवलंय, म्हणून अक्षर वाकडं येईल. ऋचा पाण्यात आहे, त्यामुळे तपासायलाही कुणी नाही.

सगळं तू लिहिलंस तसंच निघालं. काळापत्थरला उजाडताना गेलो, तिथे आम्ही सहाजण सोडून कुणी नव्हतं. चिडिया टापूला बाबांनी घड्याळ लावून बघितलं, पाच वीसला सूर्य गेला. मी सगळ्यांना बेटं किती पूर्वेला आहेत ते समजावून सांगितलं, या वेळी चुकलो नाही. नीलला कमान बघायला बरोबर ओहोटीला पोचलो. आमच्या मागून आलेल्या लोकांना गुडघाभर पाण्यातून परत फिरावं लागलं. मी बाबांना मनगटाला धरून नेलं. माधवी आई पाण्यात उतरल्या आणि इतक्या हसल्या की बाबांनाही नवल वाटलं. एलिफंट बीचला पायवाटेने जायला कुणी तयार झालं नाही, सगळे बोटीने गेलो. खूप मजा केलो.

लग्नात तू मागच्या रांगेत बसली होतीस ते मला फोटो आल्यावर दिसलं. मला वाटलं तू पुढेच असशील.

एक सांगायचं आहे. ऋचाच्या आई सारख्या म्हणतात की स्वतः फिरल्याशिवाय असं लिहिता येत नाही, मावशी इथे कधी येऊन गेल्या? मी म्हणालो, एकदा येऊन गेली आहे. आता त्यांनी तुझा नंबर घेतला आहे, परत गेल्यावर फोन करणार आहेत. काही विचारलं तर सांभाळून घे. छोटीशी गोष्ट आहे, पण इथे सगळं छान चाललंय, ते कशाला बिघडवायचं.

कळावे. तुझी आठवण रोज निघते, लोभ असू दे.

तुझा,
चिन्मय

&nbsp;

बरकतपुरा, हैदराबाद,
२ फेब्रुवारी २०२५

चि. चिन्मय यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र या वेळी परत पाठवत नाही. 'मजा केलो' लिहिलं आहेस, ते तसंच ठेवलं आहे.

परवा दुपारी अपर्णाताईंचा, तुझ्या सासूबाईंचा, फोन आला. बाई सरळ आहेत, हे मला तेव्हा कळलं. आधी त्यांनी आभार मानले आणि मग मनातलं बोलल्या. ज्यांनी मुलाला वाढवलं त्यांना सोडून कसं जायचं, असं त्यांचं पहिल्यापासून म्हणणं होतं. गाडी सात जणांची ठरवा, बोटही मोठी मिळते, असं त्यांनी तुला ऑगस्टमध्ये दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तू म्हणालास की मावशीने अंदमान पाहिलेलं आहे आणि तिला पुन्हा यायचं नाही. त्यावरून त्यांना वाटलं होतं की मला त्यांची सोबत नको आहे.

म्हणजे हे तुला बेटावर गेल्यावर सुचलं नाही. माझ्या वहीतलं लिहून मागितलंस त्याच महिन्यात तू हे सांगून मोकळा झाला होतास. माझी आधारची प्रत तुझ्या हातात पडली तेव्हाही ते सांगून झालेलं होतं. पुण्याच्या लोकांनी मला वगळलं असं मी साडेतीन महिने समजत होते. लग्नात अपर्णाताई साडी द्यायला आल्या तर मी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही. त्याची माफी मागायला हवी होती, पण तीही मागता आली नाही, कारण मागितली असती तर कशाबद्दल ते सांगावं लागलं असतं.

तुझ्या वडिलांशी माझं भांडण आहे, ते मरेपर्यंत राहील. पण सोडून जाताना ते निदान माझ्यासमोर उभे राहिले आणि मी बोलले ते त्यांनी ऐकून घेतलं. तू सासरच्या माणसांवर घातलंस, गाडीवर घातलंस, मायन्याच्या नियमावर घातलंस. बाबा आणि तू एकत्र नको, मला ते झेपणार नाही, एवढंच लिहिलं असतंस तर मी दोन दिवस रडले असते आणि तिसऱ्या दिवशी तुला बाराटांग लिहून पाठवलं असतं.

फोनवर एका वाक्यात खरं सांगता आलं असतं. शब्द तोंडाशी आले होते. खोटं बोलणाऱ्या मुलांना मी एकतीस वर्षं वर्गाबाहेर उभं केलं आहे. पण अपर्णाताईंनी विचारलं की तुम्ही गेलात तेव्हा समुद्र कसा होता, आणि मी सांगितलं की शांत होता. कुणाबरोबर गेला होतात असं विचारलं, तेव्हा शाळेतल्या शिक्षिकांबरोबर म्हटलं. पायवाटेने एलिफंट बीचला जायला किती वेळ लागला तेही सांगितलं. अर्धा तास बोलत होतो आणि मी कुठेही अडखळले नाही. तुझी मान त्या घरात खाली जाऊ नये म्हणून हे केलं. बोलताना तुझा इतका राग येत होता की रिसीव्हर धरलेला हात दुखायला लागला, आणि तो राग अजून गेलेला नाही.

फोन ठेवण्याआधी त्यांनी एक विचारलं. पुढच्या जानेवारीत ते दोघंच पुन्हा जाणार आहेत, उत्तरेकडे, जिथे ओहोटीला एका बेटावरून दुसऱ्या बेटावर वाळूतून चालत जाता येतं. तुम्ही चला, आम्हाला सोबत होईल, तुमच्यासाठी वेगळी खोली घेऊ, असं म्हणाल्या. तोंडदेखलं नव्हतं, मनापासून बोलावत होत्या. हो म्हटलं असतं तर बोटीतून उतरताच त्यांना कळलं असतं की ही बाई इथे पहिल्यांदा आली आहे.

मी म्हटलं, नको, मी एकदा पाहिलं आहे.

कळावे. लोभाबद्दल या खेपेला काही मागत नाही.

सुनंदा